बांधावरून घसरली नव्हती

ये गं मनीषा, अशी उंबऱ्यावर काय टेकलीस? आत ये, माझ्याजवळ बस. आजीचं तेरावं उरकलं आणि लगेच नाशिकची गाडी. इतके दिवस वरोरला होतीस, पण जिथं तिचा जन्म गेला त्या खाडीकडे एकदाही फिरकली नाहीस. वर काल सगळ्यांसमोर म्हणालीस, "आजी हट्टीच. बांधावरून घसरली आणि गुडघा घालवून बसली." मी ताट सारून उठले. तुला तुझी आजी ठाऊकच नाही.

आम्ही शेजारणी तिला जनीबाय म्हणायचो. शिवल्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढायला बाकीच्या बायका टोपल्या घेऊन धावायच्या, ही मात्र काठावर उभी राहून आधी चिखल न्याहाळायची. ओहोटीला उघडा पडलेला तो चिखल म्हणजे नुसती भोकंच भोकं. दोन बारीक भोकं शेजारी शेजारी दिसली की खाली शिवली. शेवयांसारखी चिखलाची वेटोळी दिसली की खाली माती खाणारा किडा. भोकाभोवती मोहरीएवढ्या गोळ्या पसरल्या असल्या की बारकी चिंबोरी, खेकडाच तो. "ही सगळी आपली आळी हाय गो," ती म्हणायची. "किडे खालून नांगरतात, म्हणून वर आपला पाय ठरतो. जिथं एक पण भोक नाय, तिथं पाय टाकायचा नाय. किडा राहत नाय तिथं तू काय राहणार?"

मी पडले तलासरीची, डोंगराकडची. मला चिखल ठाऊक तो भातलावणीचा. आमच्या ह्यांची तारापूरच्या कंपनीतली नोकरी सुटली, तेव्हा कुठे मी जनीबायच्या मागून खाडीत उतरायला लागले. ती मला 'तलासरीवाली' म्हणायची, आणि माझी टोपली अर्धीच भरली की म्हणायची, "काय गो, शिवल्यांनी तुला बघून दारं लावली काय?"

त्या वर्षी पावसानंतर खाडीनं तिवरांच्या झाडांपाशी नवा चिखल आणून टाकला होता. गुळगुळीत, नुकत्या सारवलेल्या अंगणासारखा. भोक एकही नाही. कालवांच्या धारदार शिंपांवर पाय कापत चालण्यापेक्षा इकडून बरं, असं मला वाटलं. जनीबायनं शंभरदा सांगितलेलं, पण अक्कल गहाण पडली माझी. तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत गेले. एक पाय ओढावा तर दुसरा खाली. बघता बघता कमरेपर्यंत. खालून कुणीतरी दोन्ही घोटे धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. आणि भरती लागली होती. पलीकडच्या चरांत पाणी चढताना दिसत होतं.

मी पदरातला मोबाईल चाचपायला लागले. लांबून जनीबाय ओरडली, "फोन कुणाला लावतेस? दर्याला? हात पसर, मागं पड! खाटेवर पडतेस तशी!"

ती धावत आली नाही. पालथं घमेलं पुढे सरकवत, त्यावर छाती टेकून, पोटावर सरपटत आली. माझ्या पायाभोवतीचा चिखल हातांनी उकरून त्यात पाणी सोडायला लागली. "पाय ओढू नको. नुसती बोटं हलव. पाणी आत गेलं का तो सोडतो." एक पाय सुटलाही. तेवढ्यात पाणी माझ्या कानाला लागलं. माझा धीर सुटला गं. मी तिचा पाय धरला आणि त्याला लोंबकळून पिळवटून वर आले. तिचा गुडघा कडकन वाजला, तो मी ऐकला. ती ओरडली नाही. "आता लोळत जा काठाला," एवढंच म्हणाली. माझ्यामागून तीही तशीच लोळत आली, एक पाय ओढत.

काठावर मी रडायला लागले, तशी खेकसली, "गप. मी बांधावरून घसरले, काय? खरं सांगशील तर तुझा नवरा तुला परत चिखलात सोडायचा नाय. मग घरात खाशील काय?"

आणि मी गप्प बसले. पंधरा वर्षं. तुझ्या बापानं तिला दोनदा नाशिकला नेलं, दोन्ही वेळा महिन्याभरात ती परत आली. चिखलात उतरणं संपलं होतं. रोज बांधावर बसायची आणि मला ओरडून सांगायची, "डावीकडं, तलासरीवाली! तिकडं शिवली हाय, तुला दिसत नाय?" तिनं दाखवायचं, मी काढायचं. माझं घर त्यावर चाललं. ती तिथं बसून राहिली ती माझ्यामुळे, आणि लोक तिला हट्टी म्हणत राहिले. मी ऐकत राहिले. कितीदा तोंडाशी आलं, पण एकदा गप्प बसलं की गं, पुढं तोंड उघडता येत नाही. जेवढी धडपड करावी तेवढं आणखी रुतायला होतं.

आता तुला सांगितलं. बापाला सांग, सगळ्यांना सांग. रागावलीस तरी चालेल, मला बोल. पण बोलायला इथं ये. अमावास्येला ओहोटी लांब जाते, तिच्या आदल्या दिवशी ये, मग दोघी खाडीत उतरू. माझ्याकडेच उतर. येशील ना?