पत्रूभाऊंची तेरावी बाटली

पत्रूभाऊ गुरनुले मला प्रथम भेटले तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये मिठाची चार पोती, एक तराजू आणि त्यांची बायको एवढं सगळं होतं. मी नुकताच बदलून आलेला शाळामास्तर. अंगात खाकी हाफपँट, आणि हवी होती फक्त एक काडेपेटी. पण खाकी रंग दिसताच पत्रूभाऊंनी पोत्यांमागे जी उडी घेतली, ती ताडोब्याच्या एखाद्या वाघाने पाहिली असती तर त्याने लाजून उड्या मारणं सोडलं असतं. थोड्या वेळाने पोत्यांमागून एक हात वर आला. हातात दुकानाचा परवाना होता. मग पायली आली, मग शेर, अच्छेर, आणि छटाकापर्यंतची सगळी मापं-वजनं एकेक करून बाहेर आली. शेवटी गल्ल्याची पेटी सरकत सरकत माझ्या पायाशी येऊन थांबली.

"काडेपेटी," मी म्हणालो.

"एकही चोरीची नाई जी," पोती बोलली.

"अहो, नवे गुरुजी हायेत. बाहेर या," सुगंधाबाई म्हणाल्या.

"गुरुजी कसे? चड्डी पाह्यली का?"

ती काडेपेटी मिळायला मला पाऊण तास लागला, कारण सगळी वजनं बरोबर आहेत असं मी तोंडाने म्हणेपर्यंत पत्रूभाऊ काही बाहेर यायला तयार नव्हते.

आमचं करंजटोला चांद्याहून मोहर्लीकडे जाताना जंगलाच्या पोटात होतं. गावातली जमीन सगळी जंगल खात्याची. पत्रूभाऊंचं दुकानही खात्याच्याच जागेवर, एक वर्षाच्या परवान्यावर. दरवर्षी जूनच्या आत स्वतः रेंज ऑफिसात जायचं, रेंजरसाहेबांसमोर उभं राहायचं आणि शिक्का घेऊन यायचं. शेत नाही, पाठीशी भाऊ नाही, दोन पोरी. परवाना गेला की चार माणसं रस्त्यावर. मी त्यांच्या घाबरण्याला पुष्कळ हसलो आहे, पण ती भीती पोकळ नव्हती.

चोपन्न सालच्या मार्चमध्ये नागपूरहून एक जीप आली. तिच्यातून काळा चष्मा लावलेला एक एजंट उतरला आणि 'गुलबहार ऑरेंज' नावाच्या थंड पेयाच्या बाटल्या उतरवल्या. शहरात बाटली चार आण्यांना, पण नवा माल लोकांच्या तोंडी बसावा म्हणून आमच्याकडे तीन आणे. शिवाय दुकानदाराने डझन घेतला की एक बाटली वर फुकट. पत्रूभाऊंना ते नको होतं. पण नाही म्हणायची भीती वाटल्यामुळे त्यांनी दोन डझन घेतले.

दारावर 'बाटली तीन आणे' असा पत्र्याचा बोर्ड ठोकून एजंट म्हणाला, "याच्यावर एक पैसाही घ्यायचा नाही. आणि तेरावी विकायची नाही, ती गिऱ्हाइकाची. आमचा माणूस तपासायला येईल. नाहीतर वर कळवावं लागेल. तो माणूस कसा दिसतो ते मात्र सांगणार नाही." तो हसला आणि जीप चालू करून निघून गेला. पत्रूभाऊ त्यानंतर दोन महिने हसले नाहीत. 'वर' म्हणजे थेट रेंज ऑफिस, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आणि गावात येणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्या दिवसापासून तपासनीस झाला. चांद्याहून दर शुक्रवारी बाजाराला येणारा नवा कासार तर नक्कीच. "बांगड्या विकते, पण डोळे दुकानाकडं असतात त्याचे," पत्रूभाऊ मला कानात सांगायचे.

एके दिवशी ते शाळेत आले. "गुरुजी, तेरावी गिऱ्हाइकाची. पण कोणत्या?"

"ज्याला द्याल त्याची."

"अन् बाकीचे अकरा वर तक्रार करतील त्याचं काय?"

या प्रश्नाला उत्तर मिळालं ते सोमारीमुळे. सोमारी गोंडटोल्यातली म्हातारी. चारोळी आणून द्यायची आणि मीठ-तेल न्यायची. आमच्या बाजाराची एक रीत होती: माप सपाट भरून झालं की वर एक मूठ टाकायची. ती वरची मूठ न टाकणाऱ्या दुकानदाराला लोक माणसात धरत नसत. सोमारीने चारोळी देऊन पहिली बाटली घेतली, उभ्याउभ्या संपवली, ढेकर दिली आणि हात पुढे केला.

"वरचं?"

"बाटलीले वरचं नसते बाई."

"मिठाले असते, तेलाले असते. याले काऊन नाई?"

पत्रूभाऊंचा चेहरा उजळला. तेरावी बाटली म्हणजे बारा बाटल्यांची वरची मूठ. एक बाटली घेणाऱ्याला तेरावीतला एक घोट. न्याय झाला, तपासनीसाला बोट दाखवायला जागा उरली नाही. हा आनंद तासभर टिकला. मग, तेरावीत बारा सारखे घोट निघतील का, ही भीती आली. त्यांनी रिकाम्या बाटलीत एरंडेल पाजायच्या चमच्याने पाणी मोजून पाहिलं. मग दुसरी भीती: बाटली उघडल्यावर एक जरी हक्कदार आला नाही तर त्याचा घोट ठेवायचा कसा? म्हणून ठरलं की बाराजण एकाच दिवशी, शुक्रवारच्या बाजारात, आपापली वाटी घेऊन हजर राहतील.

पण बारा बाटल्या खपायला मे उजाडला. तो नारिंगी रंग बघून लोकांना दवाखान्यातलं औषध आठवायचं. शेवटच्या तीन बाटल्या पत्रूभाऊंनी हात जोडून मलाच पाजल्या. विकायच्या बाटल्या ते ओल्या वाळूत, रांजणाशेजारी गार ठेवत. पहिल्या डझनातली तेरावी मात्र चुकून विकली जाईल या धास्तीने त्यांनी लाल फडक्यात बांधून सगळ्यात उंच फळीवर, तापलेल्या पत्र्याला जवळजवळ टेकवून ठेवली होती.

त्या शुक्रवारी दुपारी ऊन असं होतं की बाजारातली कुत्रीही बैलगाड्यांखालून हलत नव्हती. वाट्या घेऊन सगळे दारात जमले. पत्रूभाऊ स्टुलावर चढले, फडक्याला हात लावणार, तेवढ्यात बाटली फुटली.

पत्र्याच्या खोलीत तो आवाज असा घुमला की अख्खा बाजार जमिनीवर आडवा झाला. आमच्या भागात अशा आवाजाचा एकच अर्थ. कोणीतरी बंदुकीचा बार काढला. जंगल खात्याच्या नाक्यावरून दसरू नाकेदार काठी घेऊन धावत आला, आणि नशीब असं की लाकडं तपासायला आलेले रेंजरसाहेबही त्याच्या मागून आले.

"बार कोणी केला?"

पत्रूभाऊ दारात आले. कपाळावर एक ओरखडा. समोर रेंजर, आणि गर्दीत तो कासार टाचा उंचावून बघत होता. त्या एका क्षणात पत्रूभाऊंच्या डोक्यात काय झालं ते मला नंतर कळलं. बाटली फुटली म्हणावं तर गिऱ्हाइकाची तेरावी गिऱ्हाइकाला न देता संपवल्याचा गुन्हा, तोही तपासनीसासमोर.

"मीच केलो जी," ते म्हणाले. "बंदुकीनं."

"बंदूक आण."

पत्रूभाऊ आत गेले. डबे सरकवल्याचे आवाज आले.

"काय शोधून राह्यले?" सुगंधाबाईंचा आवाज.

"बंदूक."

"आपल्याकडं बंदूक कुठी हाय?"

"तेच पाहून राह्यलो."

ते बाहेर आले. "सापडून नाई राह्यली जी."

कोणी हसलं नाही. रेंजरसाहेबांनी खोक्यावर कागद ठेवून लिहायला सुरुवात केली. परवान्याशिवाय बंदूक, राखीव जंगलात बार, बंदूक लपवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे लिहीत होते. सुगंधाबाई दोन्ही पोरींना दंडाला धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या बोटांचे वळ पोरींच्या दंडावर मला दिसत होते. तीन घोटांचा हक्कदार मी, हातात वाटी, सगळं ठाऊक असलेला. मी तोंड उघडलं. मग मिटून घेतलं आणि वाटी पाठीमागे लपवली. खाकीची भीती संसर्गजन्य असते हे मला त्या दिवशी समजलं. दसरूने पत्रूभाऊंचा अंगठा शाईत बुडवला.

तेवढ्यात सोमारी वाटी घेऊन पुढे झाली. "साहेब, थे लिवणं मंग लिवा. आमचं वरचं पह्यले द्या."

"कसलं वरचं?"

"बाटलीचं. फुटली ना थे आत्ता. आमी काय भिंत चाटावं का?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटाला नारिंगी चिकट काहीतरी लागलं होतं आणि बुटाखाली काच करकरत होती. त्यांनी कागद उचलून फाडला.

"गुरनुले, बाटली फुटली असं सांगायला काय झालं होतं?"

"डर लागला जी."

"आणि बंदुकीचं सांगायला नाही लागला?"

पत्रूभाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. "बंदूक नव्हतीच ना जी."

साहेबांनी मिशीत हसत त्यांच्या पाठीवर थाप मारली. "ये जूनमध्ये परवान्याला. बघतो तुझ्याकडे." एवढं म्हणून ते नाक्याकडे गेले.

पत्रूभाऊंनी लगेच दुसऱ्या डझनातली तेरावी उघडून चमच्याने सगळ्यांना वाटली. कासारालाही दिली. मग मला बाजूला घेतलं.

"बघतो तुझ्याकडे, असं कसं म्हणले साहेब? म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवलं. हसूनही दाखवलं. त्यांनी मला सहा वेळा म्हणायला लावलं, आणि दर खेपेला ते वाक्य त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत गेलं. "मी येतो तुमच्यासोबत," मी म्हणालो. ते हो म्हणाले. पण शाळेला सुटी लागली आणि मी भंडाऱ्याला घरी गेलो.

जुलैत परत आलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं. परवाना कोणी रद्द केला नव्हता. शिक्का घ्यायला पत्रूभाऊ रेंज ऑफिसात गेलेच नाहीत. तीस जूनला मुदत संपली, आणि ते मूल गावातल्या एका भाताच्या गिरणीत पोती शिवायला लागले.