भाकरीच्या गाठी

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या गल्लीतल्या रिकाम्या खोल्या बघता बघता भरल्या. नव्या कचेऱ्यांत बदलून आलेले कारकून, शिपाई, ड्रायव्हर, सगळे बायकापोरं गावाकडं ठेवून आलेले. ज्वारीच्या भाकरीवाचून त्यांचं अडायचं. मी त्यांना भाकरी करून द्यायला लागले. दाराआडून हात बाहेर काढायचा, फडक्यात बांधलेल्या भाकरी द्यायच्या आणि दार लोटायचं. त्यातल्या कुणाशी मी दोन शब्दही बोलले नव्हते.

त्या साली पाऊस नव्हता. टँकर आला तर दोन घागरी मिळायच्या. कुणी दौऱ्यावर गेलं की त्याच्या भाकरी उरायच्या. दुसऱ्या दिवशी कमी केल्या की नेमके तिघं-चौघं उपाशी कचेरीत जायचे. उरलेल्या भाकरी सासूबाई माळवदावर वाळत घालायच्या आणि दर भाकरीला एकदा माझ्याकडं बघायच्या.

एकदा त्या कंधारला लेकीकडं निघाल्या. पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, "आठ दिसानं येते. आल्यावर एक जरी भाकर उरली तर हे बंद. प्यायला पाणी न्हाई आन् हिच्या पराती भिजून राहिल्या."

चौथीतून शाळा सुटल्यावर माझं म्हणावं असं हे एकच काम मला मिळालं होतं.

त्याच दुपारी फडक्यांच्या घड्या घालताना मला एक सुचलं आणि मी उठून उभीच राहिले. उद्या किती भाकरी लागणार हे मी कशाला अंदाजानं ठरवायचं? खाणाऱ्यांनीच सांगावं! चिठ्ठी लिहायला सगळ्यांना येत नव्हतं, पण गाठ मारायला कुणाला येत नाही? प्रत्येकाच्या फडक्याला मी वेगळ्या रंगाचा दोरा घातला. संध्याकाळी रिकामं फडकं आमच्या ओट्यावरच्या खुंटीला अडकवायचं. उद्या जितक्या भाकरी तितक्या गाठी. नको असेल तर गाठ नाही. आणि भिजवायला एक तांब्या पाणी आपापलं आणायचं, कारण कचेरीत टँकर रोज यायचा.

हे सांगायचं कसं? नांदेडहून आलेले एक वयस्कर कारकून होते. त्यांना मी दाराआडून, भिंतीकडं तोंड करून सांगितलं. ते जोरात हसले. "वहिनी, हे आमच्या सायबाला सुचलं नसतं!" संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्यांना समजावलं होतं. अकरा फडकी, अकरा तांबे. सहा भाकरी खाणाऱ्याला चार कोपरे पुरेनात, तर त्यानं दोन कोपऱ्यांना दोन-दोन गाठी मारल्या होत्या. मी सकाळी गाठी मोजल्या, तेवढंच पीठ घेतलं. सात दिवस एक भाकरी उरली नाही, एक माणूस उपाशी गेला नाही. मला झोपेतसुद्धा हसू यायचं.

आठव्या दिवशी तिन्हीसांजेला सासूबाई आल्या. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. सकाळी उठून बघते तर अकराही फडकी सपाट! एकाला गाठ नाही.

"मी सोडल्या," सासूबाई म्हणाल्या. "दारात गाठी मारलेली फडकी! कुणी करणी केली म्हणून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. बाहीर तांबे मांडलेले, ते पाणी बी झाडाला वतलं."

मी गाठींचं सगळं सांगितलं. त्या कपाळावर हात मारून खाली बसल्या. "मंग सांगायचं न्हाई का गं, मुके?"

आता अंदाजानं करावं तर आजच उरायच्या. मी पदर घट्ट ओढला, फडकी उचलली आणि गल्लीत उतरले. नांदेडचे कारकून दात घासत होते. मी त्यांचं फडकं पुढं धरलं आणि पहिल्यांदा त्यांच्याकडं बघून बोलले, "गाठी सुटल्या. परत मारा. पाणी बी परत द्या."

त्यांनी तिथूनच आरोळी ठोकली, "उठा रे! गाठी मारा, न्हाईतर उपाशी मराल!"

बनियनवर, टॉवेलवर सगळे बाहेर आले. जीपवाले ड्रायव्हरभाई म्हणाले, "वैनी, मेरेकू चार. साब के संगात औशाकू जाना हाय."

"भाई, काल तर दोनच होत्या!" कुणीतरी टोमणा मारला.

"कल साब संगात नै थे."

एका शिपाईमामांचं पोट बिघडलं होतं. त्यांनी एक ढिली गाठ मारली. "वहिनी, ही अर्धी समजा." ज्यानं आजवर भाकरी घेतली नव्हती त्यानं खिशातला रुमाल काढला आणि तीन गाठी मारून माझ्या हातात दिला. मी येताना जवळजवळ पळतच आले.

साडेछत्तीस! सासूबाईंनी न सांगता चूल पेटवली आणि त्या भाजायला बसल्या, मी थापायला. नऊच्या आत सगळे घेऊन गेले. मग सासूबाईंनी टोपलं पुढं ओढलं, वरचं कापड उचललं. तळाशी अर्धी भाकरी होती. शिपाईमामांच्या भाकरीचा दुसरा अर्धा भाग.

एक भाकरी नव्हती, पण उरली तर होतीच.

सासूबाईंनी ती उचलली, उलटसुलट करून बघितली, तिच्यावर कांदा ठेचून घेतला आणि तिथंच खायला लागल्या. तोंडात घास असतानाच म्हणाल्या, "बघत काय राहिलीस? जवारी निवडायला घे. रुमालवाला उद्या अजून दोघं घिऊन यील."