रबर लावलेला रेडिओ

ज्या सकाळी माझी बायको मिठाच्या तळ्यात रुतून बसली होती, त्या सकाळी तिची मदतीची हाक अडवून धरणारा माणूस मीच होतो.

हे मी पुढे बरीच वर्षं घरात कोणाला सांगितलं नाही. तो दोष बिचाऱ्या गुरमीतच्या डोक्यावर बसला आणि मी तो बसू दिला. (नुसता बसू दिला नाही, त्याबद्दल त्याला माफही केलं! ते पुढे येईलच.) आता वय झालं, छातीवर ओझं घेऊन झोप लागत नाही, म्हणून खरं काय ते लिहून टाकतो.

मी आणि फिलोमिना वसईहून दोन-तीन महिन्यांसाठी मुलाकडे ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला आलो आणि कोरोनाने आमच्यामागे दार लावून घेतलं. विमानं बंद, राज्याची हद्द बंद. रोहन सोन्याच्या खाणीत इंजिनिअर, सून हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणजे त्या दोघांना घराबाहेर काम तरी होतं. आम्हा म्हाताऱ्यांना घरात एकमेकांशिवाय काहीच नव्हतं. मी पेपर वाचायला लागलो. फिलो सोनं शोधायला लागली.

खरंच सांगतो. रोहनने हौसेने मेटल डिटेक्टर आणला होता, तो हिने ताब्यात घेतला. माझ्या सासऱ्यांनी लग्नात जेवढं सोनं घातलं त्याहून जास्त इथे तांबड्या मातीत उघड्यावर पडलंय, अशी तिची ठाम समजूत होती. दर रविवारी मायलेक गाडी काढून रानात जायचे आणि संध्याकाळी बिअरच्या डब्यांच्या कड्या घेऊन परत यायचे.

गावाबाहेर पडलं की मोबाइल मरतो. म्हणून रोहनच्या गाडीत दोन्हीकडून बोलता येणारा रेडिओ होता, आणि घरी माझ्याकडे त्याचाच हातात मावणारा भाऊ. तो आमच्या शेजाऱ्याने, केव्हिनने, मला वापरायला दिला होता. केव्हिन म्हणजे जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झालेला, दारात खुर्ची टाकून बसणारा माणूस. त्याने आणि त्याच्यासारख्या काही हौशी लोकांनी टेकडीवर एक रिपीटर सांभाळला होता. छोट्या रेडिओचा आवाज फार तर गावाच्या वेशीपर्यंत जातो. रिपीटर तो ऐकतो आणि त्याच क्षणी मोठ्या ताकदीने पुन्हा बोलतो, की थेट रानातल्या गाडीला ऐकू जातं. ट्रकवाले, मेंढ्यावाले, खाणवाले, सोनं खणणाऱ्या वसईच्या बायका, सगळ्यांचा रिपीटर एकच. आणि त्यात एका वेळी एकच जण बोलू शकतो. एकाने बटण दाबून धरलं की बाकी सगळे मुके.

रेडिओ देताना केव्हिनने मला धडाही दिला. आधी ऐकायचं. थोडक्यात बोलायचं. दोन वाक्यांमध्ये जागा सोडायची, कोणाला अडचण असेल तर त्याला मध्ये शिरता आलं पाहिजे. लांबण लावणाऱ्याला आपोआप तोडणारा एक टायमर रिपीटरला होता, पण तो उन्हाळ्यात जळाला होता आणि नवा हद्दीपलीकडे अडकून पडला होता.

"तोपर्यंत आपला टायमर आपणच व्हायचं, मेट," केव्हिन म्हणाला. (मेट म्हणजे त्याच्या बोलीत दोस्त.)

मला हसूच आलं. अरे, मी आयुष्यभर मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले! 'तीन मिनिटं झाली' हे वाक्य मी किती लोकांच्या कानात ओतलं असेल याची गणती नाही. नवीन नवरा-नवरीला सोडलं नाही, भांडणाऱ्या भावांना सोडलं नाही. एकदा एक गृहस्थ फोनवर रडत होते, त्यांनाही सोडलं नाही. आणि हा मला लाइन मोकळी ठेवायला शिकवणार?

तर तो रविवार. आदल्या दिवशी वादळी पाऊस पडून गेला होता आणि आता ऊन असं तापलं होतं की अंगणातल्या नळाला हात लावता येत नव्हता. फिलो निघताना कुरकुरत होती. चर्च बंद असल्यामुळे वसईचे आमचे फादर दर रविवारी रिकाम्या चर्चमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करायचे आणि ती आम्ही इथे टीव्हीवर बघायचो. आज तिची मिस्सा चुकणार होती. मिस्सा संपल्याशिवाय ही काही खात नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. मधुमेहाची गोळी मात्र वेळेवर घेते.

"मिस्सा नाही, म्हणजे मी खायचं कधी?" ती म्हणाली.

"तू जा," मी म्हणालो. "तुझी मिस्सा मी बघतो."

मला कल्पना सुचली होती. मिस्सा सुरू झाल्याबरोबर मी रेडिओ टीव्हीसमोर स्टुलावर ठेवला, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर त्याच्या बटणावर घट्ट गुंडाळलं आणि खुर्चीत बसलो. फादरांचा आवाज टेकडीवर, टेकडीवरून रानात, रानातून फिलोच्या कानात! इतक्या वर्षांच्या संसारात बायकोसाठी असं काही आपल्याला पहिल्यांदाच सुचलं, या समाधानात मला डुलकी लागली.

जाग आली तेव्हा मिस्सा केव्हाच आटोपली होती आणि टीव्ही आपल्या मनाने पुढे सरकला होता. एक बाई कोकम सरबत करून दाखवत होत्या. ग्लासात बर्फ कसा खळखळला पाहिजे, ते सांगत होत्या. मी आवाज कमी केला आणि सिडनीला ब्लॅकटाउनमध्ये राहणाऱ्या बावतीसला फोन लावला. बावतीस माझा एक्स्चेंजमधला जुना जोडीदार.

"आज घरात स्वर्ग आहे रे," मी त्याला सांगितलं. "फिलो सोनं खणायला गेलीये. सापडतं काय, बिअरच्या डब्यांच्या कड्या! पण चेहरा असा करते, जसा काही कोहिनूर पिशवीत आहे. मी पण 'अरे वा' म्हणतो. म्हणावं लागतं."

बावतीस पोटभर हसला. त्याने त्याच्या बायकोचं सांगितलं, मी फिलोचं आणखी थोडं सांगितलं. रेडिओ स्टुलावर होता. मी त्याला पार विसरलो होतो. बटण दाबलेलं असलं की आपला रेडिओ दुसऱ्याचं काही ऐकवत नाही, त्यामुळे तो बिचारा शांत बसला होता.

फोन ठेवला तोच केव्हिनचा आला. आवाज नेहमीचा नव्हता. रिपीटर सकाळपासून कोणीतरी अडवून ठेवलाय, म्हणाला. आधी कॉयर गात होती, मग कोणी बाई, आता कोणी पुरुष. भाषा इंडियन वाटते. रोहनने जाताना कबूल केलं होतं की पोचल्यावर रेडिओवर कळवीन. अजून कळवलेलं नाही.

"पॅट, तुझा रेडिओ ठीक आहे ना?" त्याने विचारलं. माझ्या नावाचं त्याने पॅट केलं होतं.

मी स्टुलाकडे बघितलं. रेडिओवरचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता. आणि त्याच्या पलीकडे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फिलोचा डबा होता. चपाती, भाजी आणि 'साखर उतरली तर' म्हणून सुनेने आठवणीने घातलेला ज्यूस. डबा घरीच राहिला होता.

त्या क्षणी एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? रबर काढलं असतं आणि खरं सांगितलं असतं. मी काय केलं? मी रेडिओशेजारी उभा राहून, ट्रंक कॉलच्या खणखणीत आवाजात म्हणालो, "नो, नो, केव्हिन! माझा रेडिओ तर बंद आहे. गुरमीतचा असेल. त्याचा माइक गिअरपाशी लटकत असतो."

गुरमीत पलीकडच्या गल्लीतला पंजाबी पोरगा. खाणींवर पाण्याचा ट्रक चालवायचा. बाजारातून आमचं सामान आणून द्यायचा. त्याचंच नाव तोंडात आलं, कारण दुसऱ्या कोणाचं मला माहीत नव्हतं.

फोनमधून माझाच आवाज उशिराने मला परत ऐकू येत होता. नेटवर्क खराब आहे, असं मला वाटलं.

"राइटो, पॅट," केव्हिन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी रबर ओढलं. ते तुटून बोटाला लागलं. लाल दिवा विझला आणि त्याच सेकंदाला रोहनचा आवाज खोलीत फुटला. घसा बसलेला. तो तेच तेच बोलत होता. मिठाच्या तळ्याच्या काठावर गाडी चाकांच्या आसापर्यंत रुतलीये. वरून कोरडं दिसत होतं, खाली चिखल निघाला. प्यायचं पाणी संपत आलंय. आईने काही खाल्लेलं नाही, तिला घाम सुटलाय, ती उलटसुलट बोलतेय. कोणी ऐकतंय का?

मी ऐकत होतो. बटणावर अंगठा ठेवून ऐकत होतो, पण दाबायची हिंमत होत नव्हती. जो रेडिओ बंद आहे त्यावर बोलणार कसा? तेवढ्यात केव्हिनचा आवाज आला, एकदम थंड, मोजकी वाक्यं. नक्की कुठे आहात. कोणी जखमी आहे का. गाडीच्या सावलीत बसा. मग त्याने जागा सोडली. त्या मोकळ्या जागेत फक्त खरखर होती. आयुष्यात मी इतक्या लाइनी मोकळ्या केल्या, पण मोकळी लाइन इतकी भयंकर असते हे मला माहीत नव्हतं.

आणि त्या जागेत गुरमीत शिरला. मी सगळ्यात जवळ आहे, ट्रकमध्ये पाणी आहे, निघालो.

त्यानंतर मी घरात फेऱ्या मारल्या. फिलोचा डबा उघडला, बंद केला. आमच्या मागच्या दाराजवळ तिचा टोपलीभर खजिना होता, त्या बिअरच्या कड्या. एकेक धुऊन ठेवलेली. त्या बघून मला जे झालं ते इथे लिहीत नाही. जपमाळ घेतली, पण कोणता मणी चालू आहे तेच कळेना.

"आंटीजी मिल गयी," गुरमीतचा आवाज आला. "पिन्नी खिला दी है। अब मुझे डाँट रही हैं कि गाड़ी धीरे खींचो।"

पिन्नी म्हणजे त्याच्या आईने केलेले कणकेचे आणि गुळाचे लाडू. फिलो रागवतेय म्हणजे साखर जागेवर आली. मी जपमाळ खिशात टाकली.

दुपारी सगळे आले. फिलो गुडघ्यापर्यंत मिठाने पांढरी झाली होती. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं आणि अंघोळीला गेली. रोहनने चिखलाचे बूट नळाखाली धरले. आणि गुरमीत? तो दारात मास्क लावून, हात जोडून उभा राहिला.

"सॉरी अंकलजी। मेरा ही माइक अटक गया था।"

इथे तरी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं. "होता है बेटा," मी म्हणालो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. (ते अंतर ठेवायचे दिवस होते, तरी ठेवला.) मग मी त्याला सार्वजनिक लाइन कशी जबाबदारीने वापरावी यावर चार शब्द सांगितले. ट्रंक कॉलची उदाहरणं दिली. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याचे खांदे थरथरत होते. पोराला किती वाईट वाटतंय, असं मला वाटलं.

त्यानंतर प्रत्येक नाताळात गुरमीतच्या घरी आमच्याकडून केक जायचा, दर वर्षी आधीपेक्षा मोठा. शेवटी शेवटी तर तो दोघांनी धरून न्यावा लागायचा. हद्दी उघडल्या, टायमर आला, आम्ही वसईला जाऊन-येऊन राहू लागलो, पण ते रबर माझ्या मनावरून काही निघालं नाही.

मग गुरमीतने सिडनीला केलीव्हिलमध्ये घर घेतलं. तो जायच्या आधी आम्ही त्याला जेवायला बोलावलं, केव्हिनलाही. मी ठरवलं, आज नाही तर कधीच नाही. सगळ्यांची पानं वाढून झाली तसा मी उभा राहिलो.

एकदम विषयावर येणं मला बरं वाटेना, म्हणून सुरुवात एक्स्चेंजपासून केली. तेव्हाची यंत्रं, तेव्हाची शिस्त, आमचे साहेब. मग रेडिओ म्हणजे काय, माणसाचा मोह म्हणजे काय. केव्हिनसाठी मधूनमधून इंग्रजीत. रस्सा गार होत होता. मी 'आणि त्या रविवारी' इथपर्यंत पोचलो होतो.

"तीन मिनिटं झाली," फिलो म्हणाली.

मी थांबलो.

"अहो, रबर लावलेलं आम्हाला माहीत आहे. फादरांनी 'शांतीने जा' म्हटलं, त्यानंतर सरबत आलं, मग तुमचा स्वर्ग आला. कड्यांचं सगळं ऐकलं मी. चक्कर येत होती तरी ऐकलं."

"पपा, 'नो, नो, केव्हिन' पण आलं," रोहन म्हणाला. "फुल व्हॉल्यूम."

मी गुरमीतकडे बघितलं. त्याचे खांदे पुन्हा तसेच थरथरत होते. आता मला कळलं ते कशाने. "आप इतने यकीन से बोल रहे थे, अंकलजी," तो म्हणाला. "मैंने सोचा, बड़े हैं, मान लेता हूँ।"

म्हणजे रेडिओवाले सगळे ट्रक आणि रानातल्या मेंढ्या यांत, गुपित आहे असं समजणारा मी एकटाच होतो! मला राग आला. इतकी वर्षं मी तळमळलो, इतके केक वाटले. मग एकाने तरी मला सांगायचं की नाही?

केव्हिनने शांतपणे भाताला रस्सा लावला.

"सांगणार होतो, मेट," तो म्हणाला. "तू बटण सोडायची वाट बघत होतो."