सूर्यफुलाची मागची बाजू

पारशिवनीजवळच्या एका गावात माझी थोरली बहीण शेती करते. भाऊजी गेल्यापासून एकटीच. गेल्या वर्षी तिचं एकरभर सूर्यफूल पिवळंधमक फुललं, तेव्हा तिने मला फोटो पाठवला होता. आठवड्याने तिचा फोन आला. "येऊन जा ना गा एकदा. मले काहीच समजून नाही राहिलं."

रविवारी मी शहरातून, प्रताप नगरहून निघालो. समोरून शेतात काही वाईट दिसेना. ताईने एक फूल धरून उलटं केलं. मागची बाजू तपकिरी, ओल्या भाकरीसारखी मऊ. मी बोट लावलं तर आत गेलं. आत राखाडी, कापसासारखी बुरशी.

"पाण्यानं झालं का गा?"

"असेल," मी म्हणालो. मी आयुष्यभर बँकेत बसलेला माणूस.

शेजारी म्हणाला, बियाणंच खराब. औषधवाल्याने दोन बाटल्या पुढे केल्या. कृषी सहायक मात्र फूल निरखून म्हणाला, "पोपटांनी, अळ्यांनी जखमा केल्या काकू, अन् वरून पाऊस. तिथूनच बुरशी शिरली. आता फवारून या फुलायले फायदा नाही. सडलेली तोडून शेताबाहेर न्या."

आम्ही तोडायला लागलो. पण अर्धवट सडलेल्या फुलाचं काय करायचं? मी तोडू म्हणे, ताई राहू दे म्हणे. मग ती तोडू म्हणायची आणि माझा हात थांबायचा.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. एका तरुण जोडप्याला फुलांत उभं राहून फोटो काढायचे होते. ताई म्हणाली, "काढा."

"काहून हो म्हटलं त्यायले?" मी हळूच विचारलं.

"त्यायच्यासाठी तर फुलंच आहेत ना."

मला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना.

उरलेल्या फुलांतले दाणे हलके निघाले. उफणताना पुष्कळ पोचट दाणे वाऱ्यावरच गेले. तेल आदल्या वर्षीच्या निम्मंही निघालं नाही. त्यातली एक बाटली ताईने आमच्याकडे धाडली. बायको म्हणाली, कडवट आहे. मला तसं वाटलं नाही. दोन-तीन भाज्या झाल्यावर मलाही वाटायला लागलं.

यंदा पेरणीच्या वेळी मी फोन केला. "काय पेरून राहिली?"

"सूर्यफूलच."

"काहून वं ताई?"

ती म्हणाली, "मले तरी कुठं माहीत गा."

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, ताई काय म्हणाल्या. मी म्हणालो, सूर्यफूलच पेरते आहे.