वेगळं काढलेलं तिखट

माझ्या सासऱ्यांचं पोट बिघडलं आणि घरात मी डॉक्टर झाले. मामा, म्हणजे माझे सासरे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. उभं आयुष्य लाल चटणी आणि हिरव्या ठेच्यावर काढलेलं. पोटातली आग थांबेना, तेव्हा पलूसच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि तिखट, तेलकट, एका वेळी भरपेट, असं सगळं बंद करून टाकलं.

मी फलटणची, शाळेत शिकवणारी. मोबाइलवर शोधून पथ्याची भलीमोठी यादी केली आणि फ्रिजवर चिकटवली. मामांसाठी वेगळं पातेलं, वेगळी पळी. मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी. आणि शेजारी बसून आम्ही झणझणीत आमटीत भाकरी कुस्करायचो. मामा चार घास खायचे आणि "झालं" म्हणून उठायचे. पुढंपुढं तर नेमके जेवायच्या वेळेला उसाला पाणी द्यायला निघायचे. त्यांच्या कंबरपट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. खरं सांगते, दुखण्यापेक्षा त्या भोकांची मला जास्त भीती वाटायची.

त्यात भर घातली ती मीच. गावच्या जत्रेची पंगत आमच्या अंगणात बसली होती. आमच्याकडे मटण शिजताना मसाला पडण्याआधी हळद-मिठाचं पातळ पाणी बाजूला काढतात, त्याला अळणी म्हणतात. ती लहान पोरांना आणि बाळंतिणीला द्यायची. मी वाटी घेऊन आले आणि भर पंगतीत मोठ्यानं म्हणाले, "मामा, तुमची अळणी." कुणीतरी फिसकन हसलं. मामा यजमान, त्यामुळे पंगत उठेपर्यंत बसून राहिले, पण घास काही तोंडात गेला नाही. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या मला घरातल्या एका माणसाचं मन कळू नये, याची आजही लाज वाटते.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिजवरची यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "आता काढ ती. आन् ते येगळं पातेलं माळ्यावर टाक."

"मग मामांचं काय करायचं?"

"त्येंचं एकट्याचं काय करायचं न्हाई. समद्यांचंच करायचं."

आणि त्यांनी केलं. त्या उन्हाळ्यात वर्षाची मिरची कांडपाला निघाली, तेव्हा तिखट मिरची नावाला आणि रंगाची ब्याडगी भरपूर, तीही बिया झाडून. खोबरं कमी, धने जास्त. आमटी तुरीची जाऊन मुगाची झाली. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात उकडून मळायचं, म्हणजे भाकरी मऊ होते आणि पोटात दगड होऊन बसत नाही. ठेच्यावाचून मामांचा घास उतरायचा नाही, तर ढबू मिरच्या चुलीवर काळ्या होईपर्यंत भाजून, साल काढून, कोथिंबीर आणि थोड्या शेंगदाण्यांबरोबर खलबत्त्यात ठेचल्या. बी काढलेली एकच हिरवी मिरची, वासापुरती. मी चाखला आणि आणखी एक चमचा वाढून घेतला.

सगळंच पहिल्या फटक्यात जमलं असं नाही. हरभऱ्याच्या उसळीनं मामा दोन दिवस छाती चोळत फिरले. ती बंद झाली. चाकवताची पातळ भाजी सोसली, ती राहिली. कच्चा लसूण गेला, परतलेला टिकला. जेवून उठल्यावर मामा कसे चालतात, पाणी किती वेळा मागतात, यावरून आत्या दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक ठरवायच्या. कागद नाही, यादी नाही, सगळं डोक्यात. काय खायचं नाही ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. काय खाता येईल ते शोधून काढलं चौथीपर्यंत शिकलेल्या आत्यांनी. मी बी.एड. आहे, हे मी त्या दिवसांत फारसं कुणाला सांगत नव्हते.

ज्यांना झणका लागतो त्यांच्यासाठी मधोमध एक वाटी असायची, जळजळीत लाल कटाची. ज्यानं त्यानं हवा तेवढा आपल्या ताटात ओतून घ्यावा. आजाऱ्याचं वेगळं काढायचं सोडून त्यांनी तिखटच वेगळं काढलं होतं. माझ्या नवऱ्यानं आठ दिवस तोंड वाकडं केलं, मग तोही ती वाटी घ्यायला विसरू लागला. आणि मामा जेवायच्या वेळेला घरी सापडायला लागले.

पुढच्या वर्षी पुन्हा जत्रा आली. मामांनी आधीच सांगून टाकलं, "मी मळ्यात हाय त्या दिशी." पण त्यांच्या पलटणीतले दोन जुने दोस्त आले, ते थेट मळ्यात गेले आणि त्यांना धरूनच घेऊन आले. आता यजमानाला पंगतीत बसणं भागच होतं. आत्यांनी सगळ्या पंगतीचा रस्सा एकाच पातेल्यात, घरच्याच पद्धतीनं केला होता. रंग असा की बघणाऱ्याला घाम फुटावा. कटाच्या वाट्या पंगतीत जागोजागी ठेवल्या होत्या.

मामांनी भाकरी मोडली, रश्शात बुडवली, खाल्ली. शेजारच्या दोस्तानं आपल्या ताटात पळीभर कट ओतला आणि पळी मामांच्या ताटाकडं नेली. "घे की रं हवालदार, लाजतोस व्हय?"

मी दारात उभी. मला वाटलं, आता हा माणूस इज्जतीपायी घेतोय आणि रात्रभर तळमळतोय.

मामांनी ताटावर हात आडवा धरला. "नगं गड्या. माझ्या पोटाला सोसत न्हाई आता." मग चुलीपाशी बसलेल्या आत्यांकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिनं माझ्यापायी समद्या घराचं तिखट कमी केलंय. मी लय चांगला जेवतोय."

एवढ्या दिवसांत आमच्यापैकी कुणापाशी त्यांनी हे कबूल केलं नव्हतं.

दोस्तानं पळी हळूच वाटीत ठेवली आणि रश्शाचा भुरका मारला. "मग मलाबी असंच वाढा वैनी."

चुलीपाशी आत्यांनी भाकरी तव्यावर टाकली होती आणि वरून पाणी फिरवायला विसरल्या. जन्मभर हजारो भाकरी थापलेली बाई, हात तसाच धरून बसली. भाकरी पिठाळ राहिली, मधोमध चिरली. मी ती पंगतीत नेली नाही, माझ्या ताटात घेतली.