काल कुठं थांबलो होतो?

आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाले, तेव्हापासून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी कॉलनीच्या विहारात ग्रंथ वाचतात. नाव सावळीराम, पण सगळे दादाच म्हणतात. वाचायची यांची एक रीत हाय. ग्रंथात खूण कधी ठेवायची नाय. वंदना झाली की चष्मा लावायचा आणि विचारायचं, "काल कुठं थांबलो होतो?" मग ऐकणाऱ्यांनी सांगायचं. शेजारची बयाबाई तर ओळ न् ओळ सांगायची, वर काल घाईत उरकलंत म्हणून यांचा कान धरायची. मी म्हणायची, अहो, कागदाचा एक कपटा घाला की मधे. तर म्हणायचे, ऐकणारे असताना कपटा कशाला? लय हट्टी माणूस.

गेल्या वर्षापासून यांना विसर पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. भाजी आणायला जातात आणि रिकामी पिशवी घेऊन येतात. पण वाचायला बसले की आवाज तसाच खणखणीत. मला वाटलं, जाऊ दे, कुठं थांबले ते सांगायला सगळी कॉलनी हाय. एवढं एक तरी यांचं यांच्याजवळ राहील.

यंदा माझे गुडघे धरले, म्हणून मी घरीच. हे रोज खुशीत परत यायचे. सांगायचे, लोक आता किती शांत बसतात, कोणी हूं की चूं करत नाय.

महिना उलटल्यावर गोळ्या लागू पडल्या आणि मी विहारात गेले. वंदना झाली, यांनी विचारलं. कोणी मान वर केली नाय. ज्याच्या त्याच्या मांडीवर मोबाइल, आवाज बंद, बोट चालू. बयाबाईलासुद्धा लेकानं घेऊन दिलेला. यांनी थोडी वाट पाहिली. आठवत नसलं की माणूस पहिल्यापासूनच सुरू करणार, तसं यांनी महामायेच्या स्वप्नापासून सुरू केलं.

मी बयाबाईला हळूच विचारलं, आज परत पहिलं पान का गं?

"पहिलं हाय का? रोज हेच तर असतं," ती म्हणाली. "छान वाचतात दादा."

घरी आल्यावर कपटा घालावा वाटलं, पण हात होईना.

दुसऱ्या दिवशी मी पुढंच जाऊन बसले. यांनी विचारलं तशी मी मोठ्यानं सांगितलं, "हंसाला बाण लागला तिथं थांबलो होतो." यांचा चेहरा असा उजळला, की मला रडूच आलं. हे पानं उलटायला लागले.

विहार समितीची राखी समोर मोबाइल उभा करून बसली होती, वाचन ग्रुपवर टाकायला. ती म्हणाली, "काकू, मधे बोलू नका ना. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज येतो."

तिनं यांना थांबवलं, झालेलं रेकॉर्डिंग पुसलं, मोबाइल परत लावला. तेवढ्या वेळात माझं सांगणं यांच्या डोक्यातून निघून गेलं. यांनी परत विचारलं, "काल कुठं थांबलो होतो?" मी तोंड उघडलं, तर राखीनं ओठांवर बोट ठेवलं. मग तिनं यांना अंगठा दाखवला, आणि यांनी पहिलं पान उघडलं.