आवाज बंद केलेलं व्हायोलिन
काल नातीने व्हायोलिनची पेटी उघडली, गजाला लावायच्या राळेचा वास घरभर झाला, आणि मला ती संध्याकाळ आठवली बघा. एका थोर संगीतकाराच्या आठवणीसाठी मोठा कार्यक्रम होता, टीव्हीवर थेट दाखवत होते, आणि आमच्या निर्मळच्या चर्चच्या गायनमंडळात शिकलेला माझा मुलगा त्यात एकट्याने वाजवणार होता. पण वेळ नेमकी सातची, म्हणजे रोझरीच्या प्रार्थनेची. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं, तरी त्यांची माळ कधी चुकली नाही. "देव आधी, टीव्ही मागून," म्हणाल्या, म्हणून मी आवाज बंद केला आणि चित्र तेवढं चालू ठेवलं. तोंडाने नमो मारियाचा जप, डोळे टीव्हीवर. तो उभा राहिला, गज फिरला, आणि तुटलेली तार त्याच्या गालाशी हलताना मला दिसली. हात चालूच होता, पण सूर लागतोय की लोक हसताहेत, मला काय कळणार? माझा जप तोंडातच अडकला. "का गो, गप का झालीस?" सासूबाईंनी विचारलं. "आई, पोराची तार तुटली." त्यांनी मणी तसाच चिमटीत धरला. "मग बसलीस काय? आवाज कर मोठा. मारियामाय पण आईच आहे." रिमोट सापडेपर्यंत वाजवणं संपलं होतं, ऐकू आल्या त्या नुसत्या टाळ्या. त्या मनापासूनच्या की कीव येऊन वाजवलेल्या, याचा घोर तो घरी येऊन "उरलेल्या तारांवर निभावलं गं" म्हणेपर्यंत गेला नाही. आता रोझरी मी सांगते. मध्येच सुनेचा फोन वाजला की मीच म्हणते, घे गो, मी मणी धरून ठेवते.